व्हॅनिलाचा अर्क आणि दारूबंदीची मुंबई : एका लहान बाटलीचा कायदेशीर इतिहास

१/ व्हॅनिलाचा खरा अर्क घरी करण्याची कृती दोन ओळींत मावते. व्हॅनिलाच्या शेंगा उभ्या चिरून मद्यात बुडवाव्यात, बाटली अंधारात ठेवावी आणि काही महिने वाट पाहावी. परंतु १९५० च्या एप्रिलनंतर गिरगावातील एखाद्या गृहिणीने ही कृती करावयाची ठरवली असती, तर दुसऱ्याच शब्दापाशी तिची गाठ कायद्याशी पडली असती. स्वयंपाकघरातील फडताळावरची बाटली आणि सरकारची सत्ता यांची सीमारेषा कोठे आखावी, हा प्रश्न तेव्हा थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आजचा धागा त्या सीमारेषेविषयी.

२/ प्रथम साधा प्रश्न : व्हॅनिलाला मद्यच का लागते? शेंगेतील प्रमुख सुगंधी द्रव्य म्हणजे व्हॅनिलिन. ते थंड पाण्यात फारच थोडे विरघळते, मद्यार्कात मात्र सहज उतरते. शेंगेत व्हॅनिलिनशिवाय इतरही अनेक सुगंधी घटक असतात. पाणी आणि मद्यार्क यांचे मिश्रण त्यांतील बहुतेकांना ओढून घेते आणि वर्षानुवर्षे टिकवते. म्हणून अर्कातील मद्य हे चवीसाठी नसते. ते एकाच वेळी द्रावकही असते आणि रक्षकही.

३/ मराठी स्वयंपाकघराला अशा द्रावकाची गरज कधी पडली नव्हती. केशर कोमट दुधात खलले जाते, जायफळ सहाणेवर उगाळले जाते, वेलदोडे साखरेबरोबर कुटले जातात. लालबागच्या मिरची गल्लीतील मसाले भाजून, तेलात परतून खुलतात. दूध, तूप, तेल आणि उष्णता हीच आपली सुगंध काढण्याची साधने. मद्यावाचून ज्याचे पाऊल पुढे पडत नाही, असा व्हॅनिला या घरात पाहुणा म्हणून आला, आणि येताना आपली अडचण सोबत घेऊन आला.

४/ हा पाहुणा मूळचा मेक्सिकोचा. तेथील पापान्तला परिसरातील तोतोनाक लोक या वेलीची जोपासना करीत. वेल ऑर्किडच्या कुळातील. स्पॅनिश लोकांनी ती युरोपात नेली, हरितगृहांत वाढवली, तिला फुले आली, पण शेंगा धरेनात. कारण परागीभवन करणारा दूत तेथे नव्हता. बेल्जियममधील शार्ल मॉरेन यांनी १८३६ मध्ये हाताने परागीभवन करून शेंगा मिळवल्या. तथापि शेतात उपयोगी पडेल अशी सोपी रीत शोधली ती १८४१ मध्ये रेयुनियन बेटावरील एडमंड आल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने. एक बारीक काडी आणि अंगठा, एवढीच त्याची साधने. आजही जगभरच्या बागांत त्याच रीतीने काम चालते.

५/ हिरव्या शेंगेला सुगंध नसतो. ती गरम पाण्यात काही मिनिटे बुडवून, घोंगडीत गुंडाळून घामेजवून, उन्हात व सावलीत आळीपाळीने सुकवून महिनोन्महिने मुरवावी लागते. साधारण सहा किलो हिरव्या शेंगांतून एक किलो तयार शेंगा मिळतात, आणि त्यांत व्हॅनिलिनचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास असते. इतक्या कष्टांनंतर जे हाती येते ते महाग असणारच. ही किंमत लक्षात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

६/ आता मुंबईकडे. मद्यार्कात वनस्पती भिजवून अर्क काढण्याची विद्या या शहरात औषधांच्या वाटेने रुजली. औषधशास्त्रात अशा अर्काला टिंक्चर म्हणतात. व्हॅनिलाचा अर्क हे त्याचेच गोड भावंड. येथे एक नाव आवर्जून घ्यावे लागेल : प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर. १८९६ मध्ये चापेकर बंधूंनी मुंबईतील व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासले, तेव्हा तो डाग रसायनांनी काढून दाखवणारे ते हेच गज्जर. त्यांची टेक्नो-केमिकल लॅबोरेटरी गिरगावात होती.

७/ गज्जरांच्या शिष्यपरंपरेतील कोटीभास्कर आणि भाईलाल अमीन यांनी परळला छोट्या प्रमाणावर रासायनिक उत्पादनास आरंभ केला. पुढे १९०७ मध्ये बडोद्यास उभ्या राहिलेल्या अलेम्बिक कारखान्याशी या तिघांचीही नावे जोडली गेली. त्या कारखान्याची आरंभीची उत्पादने होती टिंक्चरे आणि मद्यार्क. म्हणजे स्वदेशी औषधनिर्मितीचा पाया ज्या द्रवावर रचला गेला, तोच द्रव पुढे चाळीस वर्षांनी मुंबई राज्यात कायद्याच्या दृष्टीने संशयित ठरणार होता.

८/ सरकारचे मद्याकडे लक्ष त्यापूर्वीही होतेच. मुंबई इलाख्याचा १८७८ चा अबकारी कायदा ताडी-माडीपासून देशी दारूपर्यंत सर्वांना परवान्याच्या व कराच्या कक्षेत आणणारा होता. दादर-माहीमच्या माडांवर ज्यांची उपजीविका चाले, त्या भंडारी समाजाला त्याची झळ लागली. १८९२ चा मोहाविषयीचा कायदा तर आणखी पुढे गेला. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत त्याने मोहाच्या फुलांवरच निर्बंध घातले. येथे एक तत्त्व प्रथम दिसते : दारू रोखावयाची, तर ती जिच्यापासून होईल त्या वस्तूवरही हात ठेवावा.

९/ ब्रिटिश सरकारचा हेतू महसुलाचा होता. काँग्रेसचा हेतू नैतिक होता. १ ऑगस्ट १९३९ रोजी बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने मुंबई शहरात दारूबंदी आणली, आणि तिची धुरा वाहिली डॉ. मंचेरशा गिल्डर यांनी. गिल्डर स्वतः पारशी, नामांकित हृदयरोगतज्ज्ञ. मद्याचा व्यापार ज्या समाजातील अनेकांच्या हाती होता, त्याच समाजातील मंत्र्याने बंदी राबवावी, हा त्या काळचा मोठा वादाचा विषय होता. महायुद्धाच्या प्रश्नावर मंत्रिमंडळाने त्याच वर्षी राजीनामा दिला आणि तो प्रयोग मागे पडला.

१०/ महायुद्धानंतर खेर पुन्हा सत्तेवर आले, गृहखाते मोरारजी देसाई यांच्याकडे होते. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा संमत झाला आणि ६ एप्रिल १९५० पासून राज्यात संपूर्ण दारूबंदी लागू झाली. या कायद्यातील ‘दारू’ या शब्दाची व्याख्या नीट पाहण्यासारखी आहे. स्पिरिट, वाइन, बिअर, ताडी यांच्या जोडीला तीत मद्यार्क असलेले सर्व द्रव आले. शब्द थोडे, पण त्यांचा पसारा प्रचंड. कारण मद्यार्क केवळ पेल्यात नसतो.

११/ तो कलोनच्या पाण्यात असतो, खोकल्याच्या औषधात असतो, टिंक्चर आयोडीनमध्ये असतो. तो आयुर्वेदाच्या आसव-अरिष्टांतही असतो, आणि तेथे तर तो बाहेरून घालावाही लागत नाही. द्राक्षे, गूळ आणि धायटीची फुले आंबून तो आपोआप तयार होतो. द्राक्षासव घ्या किंवा बाळंतिणीला दिले जाणारे दशमूलारिष्ट घ्या, व्याख्येचे शब्द त्यांनाही लागू पडत. सरकारला काही वस्तूंना आदेशाने सूट देण्याचा अधिकार होता. परंतु सूट ही सवलत असते. ती देणाऱ्याच्या मर्जीने मिळते आणि मर्जीने जाते. हक्क ही निराळी गोष्ट.

१२/ हा भेद न्यायालयासमोर मांडला फ्राम नसरवानजी बलसारा या मुंबईकराने. राज्यघटना लागू होऊन काही महिनेच झाले होते. मुंबई उच्च न्यायालयात अर्ज करून त्यांनी मागणी केली की आपल्याला व्हिस्की, ब्रँडी, वाइन, बिअर बाळगण्याचा व सेवन करण्याचा अधिकार आहे, आणि त्याचबरोबर औषधी वाइन, कलोनचे पाणी, लव्हेंडर वॉटर व मद्यार्कयुक्त औषधे वापरण्याचाही. एकाच यादीत पेला आणि औषधाची बाटली शेजारी शेजारी ठेवण्यात त्या अर्जाचे सारे मर्म होते.

१३/ ऑगस्ट १९५० मध्ये मुख्य न्यायमूर्ती महंमद करीम छागला आणि न्यायमूर्ती भगवती यांच्या खंडपीठाने कायद्यातील बरीच कलमे अवैध ठरवली. राज्य व बलसारा दोघेही सर्वोच्च न्यायालयात गेले. २५ मे १९५१ रोजी न्यायमूर्ती फजल अली यांनी लिहिलेला निकाल आला. त्याने मध्यममार्ग काढला. दारूबंदी करण्याचा राज्याचा अधिकार कायम राहिला. शिवाय घटनेच्या ४७ व्या अनुच्छेदातील मार्गदर्शक तत्त्व मद्यबंदीच्या बाजूचे होतेच.

१४/ पण त्याच अनुच्छेदात एक अपवाद दडलेला आहे : औषधी उपयोग. न्यायालयाने तो धागा पकडला. मद्यार्कयुक्त औषधे व प्रसाधने बाळगण्यास, विकत घेण्यास, वापरण्यास ज्या कलमांनी मनाई केली होती, ती कलमे तेवढ्यापुरती अवैध ठरली, कारण नागरिकाच्या मालमत्तेच्या हक्कावर तो अवाजवी निर्बंध होता. मद्याची प्रशंसा करण्यास बंदी घालणाऱ्या तरतुदीही अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या कसोटीवर टिकल्या नाहीत. उर्वरित कायदा मात्र उभा राहिला. एका कायद्यातील सदोष भाग कापून शेष भाग कसा जिवंत ठेवता येतो, याचे उदाहरण म्हणून कायद्याचे विद्यार्थी हा निकाल आजही वाचतात.

१५/ मित्रहो, या निकालात औषध आहे, प्रसाधन आहे. केकमध्ये घालावयाच्या अर्काचे नाव नाही. ते आले पुढच्या वर्षी. १९५२ च्या दुरुस्तीने कायद्यात ‘२४-अ’ हे कलम घातले गेले. त्याने चार प्रकारच्या वस्तू मनाईतून वगळल्या : प्रसाधने, औषधे, जंतुनाशके आणि चौथा प्रकार म्हणजे स्वादासाठी वापरले जाणारे अर्क, इसेन्स व सरबते. अट एकच, पण कळीची. ती वस्तू मादक पेय म्हणून वापरण्यास अयोग्य असली पाहिजे. व्हॅनिलाच्या बाटलीला मुंबई राज्यात हक्काची जागा मिळाली ती अशी, चौथ्या क्रमांकाची.

१६/ ही वाक्यरचना ओळखीची वाटते का? १९१९ च्या अमेरिकन दारूबंदी कायद्यात, म्हणजे व्होल्स्टेड कायद्यात, याच धर्तीची यादी आहे. प्रसाधने, औषधे, जंतुनाशके, स्वादार्क व सरबते, आणि तीच अट : पेय म्हणून अयोग्य. दोन्ही मजकुरांतील साम्य ठळक आहे. त्यामागे कारणही तेच. सर्वत्र पसरलेला द्रव कायद्याने बंद करावयाचा, तर त्याच्या निरुपद्रवी उपयोगांची यादी कोणालातरी करावीच लागते.

१७/ परंतु अयोग्य कोण ठरवणार? अमेरिकेत या प्रश्नाचे भीषण उत्तर मिळाले. जमैका जिंजर नावाचा आल्याचा मद्यार्कयुक्त अर्क औषध म्हणून विकला जाई आणि गरीब लोक तो दारू म्हणून पीत. सरकारी चाचणीस फसवण्यासाठी काही उत्पादकांनी त्यात एक औद्योगिक रसायन मिसळले. ते रसायन मज्जातंतूंना घातक निघाले आणि १९३० मध्ये हजारो लोकांचे पाय लुळे पडले. कायद्यातील फट शोधणारा व्यापारी आणि फटीतून पिणारा गरीब, यांत किंमत नेहमी दुसराच मोजतो.

१८/ मुंबईत हाच प्रश्न न्यायालयात वेगळ्या रूपाने आला. बलसारा निकालानंतर अवघ्या काही दिवसांत एका सरकारी अधिकाऱ्याच्या जीपचा कुलाब्याच्या बाजूस अपघात झाला. त्याच्या तोंडाला मद्याचा वास होता. त्याचे म्हणणे, आपण मद्यार्कयुक्त औषधी टॉनिक घेतले होते. पेसिकाका विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की घेतलेला द्रव प्रतिबंधित मद्यच होता, हे सिद्ध करण्याचा भार सरकारी पक्षावर आहे. केवळ वास म्हणजे गुन्हा नव्हे. एका टॉनिकच्या बाटलीने आरोपीच्या हक्काचा नियम अधिक स्पष्ट केला.

१९/ न्यायालयाची भाषा फोर्टातील होती. गिरणगावातील वास्तव निराळे होते. परळ-लालबागच्या कामगाराला कलोनच्या पाण्याचा खटला लढवावयाचा नव्हता. त्याच्यासाठी हातभट्टी होती, आंटीचा अड्डा होता आणि नवटाक हे माप होते. ज्याच्याजवळ पैसा आणि डॉक्टरचा दाखला असे, त्याला प्रकृतिस्वास्थ्यासाठी परवाना मिळे. बारच्या दारावर आजही दिसणारी ‘परमिट रूम’ ही पाटी त्याच परवान्याची आठवण आहे. कायदा एक, पण त्याच्यापाशी जाण्याच्या वाटा दोन. दारूबंदीचा इतिहास वाचताना ही दुसरी वाट नजरेआड होऊ देऊ नये.

२०/ मग गिरगाव-दादरच्या घरांत व्हॅनिला आला कसा? बहुतांशी मद्यावाचून आणि शेंगेवाचूनही. १८५८ मध्ये फ्रान्सच्या गोब्ले यांनी व्हॅनिलिन शुद्ध स्वरूपात वेगळे केले. १८७४ मध्ये जर्मनीतील टीमान आणि हारमान यांनी ते पाइन वृक्षातील द्रव्यापासून प्रयोगशाळेत बनवले. खऱ्या शेंगेची किंमत आठवा. तिच्यापुढे कृत्रिम व्हॅनिलिन कवडीमोल होते, आणि ते मद्यार्काऐवजी प्रोपिलीन ग्लायकॉलसारख्या द्रवातही उतरते. किराणा दुकानातील स्वस्त इसेन्सची छोटी बाटली हीच. खऱ्या अर्काला बाजूस सारले ते प्रामुख्याने किमतीने. कायद्याने त्यात भर घातली ती एवढीच, की घरी अर्क करण्याची वाट अवघड करून ठेवली.

२१/ आता ज्यांना घरी अर्क करावयाचा आहे, त्यांच्यासाठी प्रमाण. अमेरिकेच्या अन्नमानकानुसार एका गॅलनला १३.३५ औंस शेंगा लागतात. आपल्या मापात हे जवळजवळ नेमके एका लिटरला १०० ग्रॅम होते, आणि मद्यार्काचे प्रमाण किमान ३५ टक्के असावे लागते. म्हणजे पाव लिटर व्होडका किंवा रमला २५ ग्रॅम शेंगा. शेंगा उभ्या चिराव्यात, पूर्ण बुडतील अशा ठेवाव्यात, बाटली काचेची असावी, उजेड टाळावा, आठवड्यातून एकदा हलवावे. दोन महिन्यांत रंग येतो, सहा महिन्यांनंतर सुगंधाला खोली येते. शेंगा मद्याच्या वर उघड्या राहिल्या तर बुरशीचा धोका असतो.

२२/ आणि कायदा? १९४९ चा तो कायदा रद्द झालेला नाही. आज तो महाराष्ट्र दारूबंदी कायदा या नावाने अस्तित्वात आहे. तयार स्वादार्काला २४-अ चे छत्र आहे, पण घरगुती अर्काचा कच्चा माल दारूच असतो. ती बाळगण्यास परवाना लागतो आणि व्होडका-रमसारख्या कडक मद्यासाठी वयाची अट २५ वर्षे आहे. या धाग्याच्या वाचकांपैकी पुष्कळांना ती वाट अजून बंदच आहे. मतदान अठराव्या वर्षी, व्हॅनिलाचा अर्क पंचविसाव्या!

२३/ एक गोष्ट मात्र थट्टेत घालवू नये. खाण्याच्या अर्कासाठी औद्योगिक स्पिरिट, फ्रेंच पॉलिश किंवा औषधदुकानातील बाहेरून लावण्याचे स्पिरिट कधीही वापरू नका. त्यांत मिथेनॉल असू शकते. ते अंध करते आणि जीवही घेते. जून २०१५ मध्ये मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली, ती मिथेनॉलमुळेच. बहुतेक हातावर पोट असणारी. १९३० ची अमेरिका आणि २०१५ ची मुंबई यांच्यात पंचाऐंशी वर्षांचे अंतर आहे. मरणाऱ्यांच्या आर्थिक स्थितीत मात्र फरक नाही.

२४/ तात्पर्य काय? दारूबंदी योग्य की अयोग्य, हा वाद जुना आहे आणि दोन्ही बाजूंना वजनदार माणसे आहेत. मद्याने उद्ध्वस्त झालेली घरे गिरणगावाने पाहिली आहेत. तिकडे डोळेझाक करून केवळ स्वातंत्र्याच्या गोष्टी करणे सोपे आहे. परंतु बलसारा प्रकरणाने शिकवलेली गोष्ट त्या वादापलीकडची आहे. हेतू कितीही उदात्त असो, व्याख्या सैल असेल तर कायदा बाळंतिणीच्या खोलीत आणि केकच्या भांड्यातही शिरतो. त्याला उंबऱ्यावर थांबवण्यासाठी कोणीतरी नागरिक अर्ज घेऊन उभा राहावा लागतो.

२५/ पुढच्या वेळी फोर्टात उच्च न्यायालयाच्या दगडी इमारतीसमोरून जाल, तेव्हा तेथे गाजलेल्या राजद्रोहाच्या खटल्यांबरोबर या छोट्या बाटलीचीही आठवण ठेवा. इतिहास तलवारींनी घडतो, तसा तो व्याख्यांनीही घडतो. आपल्या घरी दारूबंदीच्या काळातला जुना परवाना, औषधाची बाटली किंवा आजी-आजोबांनी सांगितलेली आठवण असेल तर खाली अवश्य लिहा. इति लेखनसीमा.